तळघरातला बंब



दिवाळी झाली की आपल्याकडे बऱ्याच घरांत बॅगा भरायला काढतात. मुलगा नाहीतर लेक अमेरिकेत, तिथंच नातवंडं, आणि इकडे नोकरीतून मोकळे झालेले आजी-आजोबा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला भरून बॅग वजनकाट्यावर तीनदा चढते, तीनदा उतरते. सल्ले देणारेही भरपूर भेटतात. कानटोपी लोकरीचीच घ्या, रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घ्या, विम्याचा कागद हाताशी ठेवा. हे सगळं ऐकून घेऊन मीही दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात सपत्नीक मिनेसोटाला लेकीकडे गेलो आणि चार महिने राहिलो. पण ज्या यंत्राच्या जिवावर ते चार महिने काढायचे, त्याबद्दल निघताना कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. हे यंत्र घराच्या तळघरात असतं, गॅसवर चालतं. त्याला तिकडे फर्नेस म्हणतात. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

मी इंजिनिअर नव्हे. बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. तरी या विषयावर बोलतो आहे, त्याला कारण आहे. त्या घरात सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत कोण असतं? लेक-जावई कामावर. घरात आजी, आजोबा आणि एखादं रांगतं नातवंड. म्हणजे त्या विस्तवाशेजारी दिवसभर आपण बसायचं आणि त्याची सगळी माहिती मात्र कामावर गेलेल्या जावयाच्या डोक्यात. मला हे काही बरोबर वाटत नाही. आपल्या घरी गॅसच्या शेगडीचा वास आला तर काय करायचं हे आपल्याला झोपेतही ठाऊक असतं. तिथंही तेवढं ठाऊक असायला हवं.

फर्नेस या शब्दाचं मराठी करायला गेलो तर 'भट्टी' असं होतं. वीटभट्टी, चुन्याची भट्टी, लोहाराची भट्टी. आणि हातभट्टीबद्दल तर बोलायलाच नको. यातली एकही वस्तू घरात ठेवायची नव्हे. मला त्या यंत्राचा खरा नातेवाईक सापडला तो आपला बंब. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेला, चिंच लावून घासलेला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना फर्नेस समजायला पाच मिनिटं पुरतात. बंबाच्या मधोमध एक नळी असते. तिच्यात वरून ढलप्या, करवंट्या, कोळसा टाकायचा. विस्तव नळीच्या आत, पाणी नळीच्या बाहेर. ऊब तांब्यातून पाण्याला मिळते, धूर मात्र नळीतूनच वर निघून जातो. पाण्याची आणि धुराची भेट होत नाही. झाली, तर तो बंब तांबटाकडे न्यायचा.

फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी हवा असते, एवढाच फरक. लोखंडी पत्र्याच्या नळ्यांच्या आत गॅस जळतो. नळ्यांच्या बाहेरून मोठा पंखा घरातली हवा फिरवतो आणि ती तापलेली हवा पत्र्याच्या पाटांमधून खोलीखोलीत जाते. जळलेल्या गॅसचा धूर आतल्या आत वेगळ्या नळाने घराबाहेर पडतो. श्वासाची हवा आणि ज्वालेचा धूर यांच्यामध्ये त्या पत्र्याची जाडी तेवढी असते. या नळ्यांच्या भागाला तिकडे हीट एक्स्चेंजर म्हणतात. तो वर्षानुवर्षं तापून, निवून, पुन्हा तापून कधीतरी तडकू शकतो. तडा गेला तर डाग देऊन भागत नाही. तो भाग किंवा सगळी फर्नेसच बदलावी लागते. म्हणून तिथं थंडी सुरू होण्याआधी दर वर्षी तंत्रज्ञ बोलावून ती तपासून घ्यायची रीत आहे. तो आरसा नाहीतर बारीक कॅमेरा घालून नळ्या पाहतो, बाहेर जाणाऱ्या धुरातले वायू मोजतो. धोका दिसला तर गॅस बंद करून यंत्रावर लाल चिठ्ठी लावतो. त्या चिठ्ठीवर घासाघीस चालत नाही. आपण जाण्यापूर्वी लेकीला फोनवर एवढंच विचारावं, यंदा फर्नेस तपासून घेतली का? काय खायला आणू हा प्रश्न त्यानंतर.

पहाटेच्या नमाजाला उठलो की घरात दुसरा आवाज नसायचा, त्यामुळे त्या यंत्राचा क्रम माझ्या कानात बसला. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला घर गार झाल्याचं कळतं. आधी एक छोटा पंखा घुमू लागतो. धूर बाहेर ओढण्याचं काम त्याचं. धुराची वाट मोकळी असल्याची खात्री करणारं एक बटण आत असतं. त्याची खात्री पटेपर्यंत गॅस सुटतच नाही. मग एक कांडी लालभडक तापते, गॅस सुटतो आणि 'भस्स' असा आवाज येतो. ज्योत खरोखर पेटली आहे का, हे पाहायला आणखी एक कांडी असते. तिला काही सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर गॅस आपोआप बंद. हे सगळं पार पडल्यावर अर्ध्या-एक मिनिटानं मोठा पंखा सुरू होतो आणि जमिनीतल्या जाळीतून ऊब पायाला लागते. जुन्या फर्नेसमध्ये कांडीऐवजी एक बारीक ज्योत चोवीस तास तेवत असे. नव्या यंत्रांत ती गेली.

हा क्रम सांगितला तो हौस म्हणून नाही. जानेवारीत एका रात्री वादळी बर्फ पडलं. सकाळी घर गारठलेलं. यंत्र घुं करून सुरू व्हायचं आणि भस्स व्हायच्या आधीच बंद पडायचं. दोन-तीनदा असं करून ते गप्प झालं. जावयानं यंत्राला हात लावला नाही. त्यानं फावडं घेतलं आणि तो बाहेर गेला. नव्या धर्तीच्या फर्नेसमध्ये धूर इतका निवालेला असतो की तो धुराड्याऐवजी पांढऱ्या प्लास्टिकच्या नळाने बाजूच्या भिंतीतून बाहेर सोडतात. शेजारीच हवा आत घेणारा दुसरा नळ. दोन्ही नळ बर्फाच्या ढिगात गाडले गेले होते. बर्फ उपसलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि ते चालू लागलं. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. धुराची वाट बंद आहे हे ओळखून ते थांबलं होतं. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबून यंत्राशी हुज्जत घालायची नसते. एरवी थंडीत त्या नळांतून पांढरी वाफ निघताना दिसते. गल्लीतली सगळी घरं उभ्या उभ्या श्वास सोडताहेत असं वाटतं. एखाद्या घराचा श्वास दिसला नाही की आता माझी नजर तिथं अडते.

त्या सकाळी आमची पत्नी म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरातले चारही बर्नर पेटवू या, घर ऊबदार होईल." लेक म्हणाली, "अम्मी, ते मात्र नाही करायचं." दोघीही आपापल्या परीनं बरोबर. आपल्याकडे थंडीत शेगडी पेटवून हात शेकणं हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. पण आपली घरं फटींची, कौलांची, दारं उघडी असणारी. मिनेसोटात थंडी शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वाऱ्याची झुळूक आत येऊ नये म्हणून घर डबीसारखं बंद केलेलं असतं. तिथं उघडी ज्योत तासन्‌तास जाळायची नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात मोठं हिमवादळ आलं, वीज गेली, आणि गारठलेल्या लोकांनी घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, गॅरेजमध्ये गाड्या सुरू करून त्यांत ऊब घेत बसले. शेकडोंना विषबाधा झाली, काही जणांचे जीव गेले. ह्यूस्टनमध्ये आपली मराठी माणसं कितीतरी आहेत. त्यांना हे दिवस आठवत असतील.

हे विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. गॅस असो, कोळसा असो, लाकूड असो. जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. आणि इथंच आपली मोठी फसगत होते. आपल्याला वाटतं, गॅसचं काही बिनसलं तर वास येईलच. तो वास न जळलेल्या गॅसचा, आणि तोही मूळचा नाही. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे जीव गेले. बहुतेक सगळी मुलं. गॅस गळतो आहे हे कुणाच्या नाकाला कळलंच नव्हतं. त्यानंतर गॅसमध्ये कुजकट वासाचं रसायन मिसळण्याची सक्ती झाली. आपल्या सिलिंडरलाही तसाच मुद्दाम दिलेला वास आहे. पण गॅस एकदा जळला की ते रसायनही जळून जातं. मागे जे उरतं त्याच्या बाबतीत नाक निरुपयोगी.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, हातापायातलं बळ जातं. थंडीच्या दिवसांत हे सगळं फ्लूसारखं वाटतं, फक्त ताप नसतो. ओळखायची खूण अशी, की घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं. करोनाच्या दिवसांत आपण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं. त्याच्यावर इथं भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला प्राणवायूनं भरलेलं वाटतं आणि ते खुशाल अठ्ठ्याण्णव दाखवतं. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरात गेला तो याच वायूनं. शेकोटीच्या धुराड्याची वाट बंद झाली होती. अमेरिकेत आजही दर वर्षी चारशेहून अधिक माणसं आगीशिवाय, नुसत्या या वायूच्या अपघाती विषबाधेनं मरतात.

म्हणून तिथं अलार्म असतो. मिनेसोटात तर झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत तो असलाच पाहिजे असा कायदा आहे. पण आता आपल्या लोकांबद्दल थोडं कटू बोलतो. बऱ्याच घरांत धुराचा आणि या वायूचा अलार्म एकाच डबीत असतो. आपण कढईत मोहरी तडतडवली, मिरची टाकली की ती डबी कर्कश ओरडायला लागते. नातवंड दचकून उठतं. मग कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवतं. चार दिवसांसाठी म्हणून काढलेली बॅटरी खणात वर्षभर पडून राहते. आणखी एका घरात मी त्या डबीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली पाहिली. फोडणीच्या वेळी पंखा लावा, खिडकी बोटभर उघडा, डबी जरा लांबच्या छताला हलवायला सांगा, पण तिचं तोंड बांधू नका. तिचे आवाजही ओळखून ठेवा. तीन-तीन आवाज लागोपाठ आले तर धूर. चार-चार आले तर कार्बन मोनॉक्साइड. मिनिटभरानं एकदाच चिवचिवली तर बॅटरी संपत आलीय किंवा डबीचंच आयुष्य संपलंय. ती जन्मभर टिकत नाही. मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांत बदलावी लागते. तारीख मागच्या बाजूला लिहिलेली असते.

चार-चार आवाज आले तर मुलाला उचलायचं आणि बाहेर पडायचं. बाहेर बर्फ असलं तरी. दाराशी एक जाड कोट, एक पांघरूण नेहमी टांगलेलं ठेवा. शेजाऱ्याचं दार वाजवा. गॅरेजमधल्या गाडीत जाऊन बसू नका, आणि गाडी सुरू तर मुळीच करू नका. बाहेरून ९११ ला फोन लावा. आपली सवय अशी, की पहिला फोन लेकीला व्हॉट्सअ‍ॅपवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून ९११ लागत नाही, साध्या फोनच्या आकड्यांवरूनच लावावा लागतो. इंग्रजीची भीड बाळगू नका. 'कार्बन मोनॉक्साइड' आणि घराचा पत्ता, एवढं सांगितलंत तरी आगीचा बंब येतो. पत्ता मोठ्या अक्षरात लिहून कोटाच्या खिशात ठेवा. घाईत स्वतःचा पिनकोड आठवत नाही, लेकीचा कुठला आठवणार? ते लोक यंत्र लावून घर तपासतात आणि सांगतील तेव्हाच आत जायचं. बरं वाटतंय म्हणून शाल आणायलाही नाही. गॅसचा कुजकट वास आला तरी असंच बाहेर पडायचं, फक्त जाता जाता दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही. ठिणगीला तेवढं पुरतं.

आता रोजच्या वागण्यातल्या काही गोष्टी. फर्नेसमध्ये हवा गाळणारी एक पुठ्ठ्याच्या चौकटीची जाळी असते. आपली फोडणी, उदबत्ती, ऊद, गालिच्याचा भुसा, सगळं तिच्यात अडकतं आणि ती जुन्या गोधडीसारखी मळते. जाळी तुंबली की हवा फिरत नाही, आतल्या नळ्या नको इतक्या तापतात, यंत्र मधेच थांबतं, आणि त्या नळ्यांचं आयुष्यही घटतं. हिवाळ्यात ती महिन्याला उघडून पाहावी. पातळ जाळी असेल तर एक ते तीन महिन्यांत बदलतातच. बदलताना आधी यंत्राच्या बाजूचं बटण बंद करायचं. चौकटीवर बाण छापलेला असतो, त्याचं टोक यंत्राकडे. हे काम आजोबांनी आनंदानं अंगावर घ्यावं.

जमिनीतल्या जाळ्यांवर सतरंजी अंथरू नये, सोफा सरकवू नये. मी दुपट्टे, लंगोट, मोजे तिथं वाळत घातलेले पाहिले आहेत. मोह होतो खरा, पण ऊब अडते. थर्मोस्टॅट बहुतेक घरांत अडुसष्टच्या आसपास असतो. हे फॅरनहाइट, म्हणजे आपले वीस अंश. आपल्याला हुडहुडी भरते आणि आपण गुपचूप ऐंशीवर नेतो. त्यानं घर लवकर तापत नाही. यंत्र ज्या वेगानं तापवतं त्याच वेगानं तापवणार, फक्त थांबणार उशिरा. एक स्वेटर जास्त घालावा. घर बंद करून गावाला जायचं झालं तर तो अगदी शून्यावरही आणू नये, पंचावन्नच्या खाली गेलं तर भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटण्याची भीती.

फर्नेसच्या खोलीत अडगळ साठवायचा मोह तिकडेही होतो. रंगाचे डबे, थिनर, पेट्रोलचा कॅन, खोके यांतलं काही तिच्याजवळ नको. तीन फूट जागा मोकळी हवी. घर जुनं असेल आणि धूर पत्र्याच्या नळाने धुराड्यात जात असेल तर आणखी एक जपायचं. त्या धुराला वर ढकलणारा पंखा नसेल, तो स्वतःच्या ऊबेनंच वर चढत असेल, तर बंद घरात स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट आणि न्हाणीघराचे पंखे एकदम लावल्यावर तो उलटा घरात ओढला जाऊ शकतो. तळण काढताना खिडकी थोडी उघडी ठेवायची ती यासाठीही. यंत्राच्या छोट्या काचेतून ज्योत दिसत असेल तर ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी ज्योत दिसली, आजूबाजूला काजळी दिसली, तर यंत्र बंद करून माणूस बोलवायचा. बरं दिसतंय ना, चालू दे, हा आपला खाक्या तिथं नको.

आता जे विमानात बसणार नाहीत त्यांच्यासाठी. फर्नेस आपल्याकडे नाही, पण बंबाची जागा ज्यानं घेतली तो गॅस गीझर आपल्या बाथरूममध्ये आहे. बंब परसात नाहीतर उघड्या मोरीत असायचा. त्याचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून आपण लांब बसायचो. गीझरचा धूर दिसत नाही, आणि आपण त्याला चार फूट बाय पाच फुटांच्या खोलीत, डोक्यावर टांगला. त्याच खोलीत दाराला कडी, खिडकीला थंडी लागू नये म्हणून पुठ्ठा, आणि खाली चालू गरम पाणी. ज्योत खोलीतलाच प्राणवायू खाते, तो कमी पडला की अर्धवट जळते, आणि मिनेसोटातल्या तळघरात ज्याला एवढे पहारे आहेत तोच वायू इथं अंघोळ करणाऱ्याच्या छातीत जातो. माणूस आत कोसळतो. कधी फीट आल्यासारखं होतं आणि बाहेरच्यांना वाटतं, मिरगी. डॉक्टरांच्या लिखाणात याला गॅस गीझर सिंड्रोम असं नावच पडलं आहे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशी एखादी चौकट येते. बऱ्याचदा नवविवाहित जोडपं असतं, नाहीतर परीक्षेला शहरात आलेली मुलगी. शेजारी म्हणतात, वास तर काहीच आला नाही.

गीझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी बसवता येतो, आणि पाणी नळानं आत घेता येतं. प्लंबरला एका दुपारचं काम. हे जमेपर्यंत आधी बादली भरून घ्यावी, गीझर आणि गॅसची चावी बंद करावी, दार दोन मिनिटं उघडं ठेवावं, मग अंघोळीला जावं. एकामागून एक चौघांच्या अंघोळी गीझर चालू ठेवून करू नयेत. एक्झॉस्ट पंखा हवाच, पण तो आतली हवा बाहेर फेकतो तेव्हा नवी हवा कुठून तरी यावी लागते. तेव्हा दाराखालच्या फटीत फडकं कोंबू नका, आणि खिडकीचा पुठ्ठा आजच काढा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना फोन करून विचारा, गीझर कुठं आहे आणि खिडकी उघडते का. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आपल्याकडेही विकत मिळतात. आत कुणी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला आणि हाकेला ओ आली नाही, तर दार तोडायला संकोच करू नये. आधी माणसाला बाहेर उघड्यावर आणावं, गॅस बंद करावा, आणि दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं, बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.